दंडविचार : देहान्त शासन आणि विषम न्याय

अहिंसा हा आचारधर्माचा पाया होय, हे मार्गातील लहानथोर सर्वांस विदित आहे. कायिक, वाचिक व मानसिक अशा तिन्ही प्रकारच्या हिंसेचा त्याग साधकाने करावा, हे उपदेश घेतल्या दिवसापासून कानी पडते. मुंगीविषयीचे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे वचन तर ज्याने अद्याप उपदेश घेतलेला नाही अशाच्याही मुखी असते. परंतु वचन मुखी असणे वेगळे आणि प्रसंग पडला असता ते लावता येणे वेगळे. मुंगी निरपराध आहे. तिच्याविषयी दया उपजण्यास फारसे सायास पडत नाहीत. ज्याने निरपराध बालकांचे प्राण घेतले, त्याच्या प्राणांविषयी अहिंसाधर्म काय सांगतो, हा प्रश्न मात्र साध्या दयेने सुटत नाही. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हे. कोल्हापूरच्या न्यायालयात तो प्रत्यक्ष उभा राहिला होता. अंजनाबाई गावित नावाची स्त्री आणि तिच्या दोन कन्या, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रात व इतरत्र लहान मुले पळविली. देवळे, जत्रा, बसस्थानके अशा गर्दीच्या ठिकाणी चोरी करावी, पकडले जाण्याची वेळ आली की कडेवरील मूल पुढे करून लोकांची दया मिळवावी, आणि मूल उपयोगाचे राहिले नाही की त्याचा जीव घ्यावा, असा हा क्रम होता. तेरा मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी नऊ मुलांची हत्या, हा आरोप. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिघींना अटक झाली. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच १९९७ साली कोठडीत मरण पावली. रेणुकेचा पती माफीचा साक्षीदार झाला व शिक्षेतून सुटला. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने जून २००१ मध्ये फाशीची शिक्षा दिली. सर्व हत्या पुराव्याने शाबीत होऊ शकल्या नाहीत, तरी पाच मुलांच्या हत्येचा दोष अखेरपर्यंत कायम राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी शिक्षा उचलून धरली. त्यानंतर दयेचे अर्ज झाले. ते राज्यपालांकडे, मंत्रालयात, दिल्लीस असे फिरत राहिले आणि २०१४ साली राष्ट्रपतींनी दया नाकारली. मग दोघी पुन्हा उच्च न्यायालयात गेल्या. १८ जानेवारी २०२२ रोजी त्या न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण असे की, दयेच्या अर्जांचा निकाल लागण्यास सात वर्षे दहा महिन्यांहून अधिक काळ लागला आणि तो विलंब सरकारी यंत्रणेच्या अनास्थेमुळे झाला.

या वृत्तांतात करुणेस जागा कोठे आहे, असे कोणी विचारील. ती प्रथम त्या बालकांच्या ठायी आहे, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. जो अहिंसेचा विचार मारणाऱ्याच्या प्राणांपासून सुरू होतो आणि मेलेल्या मुलापाशी थांबत नाही, तो विचार अपुरा होय. ही मुले बहुधा गरिबांची होती. एक तर भीक मागून पोट भरणाऱ्या मातेचे होते. सहा वर्षे हा प्रकार चालला आणि उघडकीस आला तो अंजनाबाईच्या पूर्वपतीच्या दुसऱ्या पत्नीने केलेल्या तक्रारीमुळे. ज्यांच्या तक्रारीस वजन नव्हते त्यांची मुले गेली ती गेलीच. विषम न्याय असे आपण म्हणतो तेव्हा आरोपीस मिळालेली शिक्षाच डोळ्यांपुढे येते. पण विषमता त्याच्या पुष्कळ आधी, हरवलेल्या मुलाचा शोध घ्यावयाचा की नाही येथेच सुरू होते.

आता सिद्धान्ताकडे वळावे. शंका अशी की, संन्याशास अहिंसा सांगितली, राजास दंड सांगितला. मग राजाने अपराध्याचा वध केला तर त्यात दोष कसला? शिवाय श्रीकृष्णचक्रवर्तींनी स्वतः कंसाचा व शिशुपालाचा वध केला, अर्जुनास युद्धास प्रवृत्त केले. तेव्हा दुष्टाचा वध धर्मबाह्य कसा म्हणावा?

समाधान असे. परमेश्वर अवताराची क्रीडा आणि जीवाचे कर्म ही एका मापाने मोजता येत नाहीत. लीळा स्मरणासाठी आहे, वचन आचरणासाठी आहे. श्रीकृष्णचक्रवर्तींना त्या जीवाचे अनादिपासूनचे कर्म ज्ञात होते, त्याची योग्यता ज्ञात होती आणि त्यास पुढे काय द्यावयाचे हेही त्यांच्या हाती होते. न्यायासनावर बसलेल्या माणसास यांपैकी काय ज्ञात आहे? त्याच्यापुढे कागद आहेत, साक्षी आहेत, दोन वकिलांचे परस्परविरुद्ध बोलणे आहे. सर्वज्ञ हे विशेषण मार्गात एकासच लावले जाते, ते उगीच नव्हे. ज्या शासनाची दुरुस्ती करता येत नाही ते शासन देण्यास सर्वज्ञता लागते. आणि जीव, मग तो कितीही विद्वान असो, सर्वज्ञ नव्हे. अर्जुनाच्या युद्धाचे म्हणाल, तर समोर शस्त्र घेऊन उभ्या असलेल्याशी लढणे आणि बांधून आणलेल्याचा ठरल्या दिवशी, ठरल्या घटकेस गळा आवळणे ही दोन कर्मे नावानेही एक नाहीत.

दुसरे असे की, फळ देणे हा जीवाचा अधिकार नव्हे. नरक, स्वर्ग, कर्मभूमी व मोक्ष ही जी चार फळे जीवास सांगितली आहेत, त्यांपैकी एकही देणे माणसाच्या हाती नाही. बालहत्येचे फळ हत्या करणाऱ्यास चुकणार नाही, हा कर्माचा नियम आहे. त्यासाठी दोरखंडाची गरज नाही. मग राजदंडाचे काम काय उरले? प्रजेचे रक्षण, एवढेच. ज्याच्या हातून पुन्हा हत्या होईल त्यास समाजापासून दूर ठेवणे, हा त्या रक्षणाचा भाग होय आणि त्यास अहिंसाधर्माची हरकत नाही. प्राचीन काळी राजांपाशी दीर्घ बंदिवासाची व्यवस्था फारशी नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे पर्याय थोडे होते असे फार तर म्हणता येईल. आज येरवड्यासारखी कारागृहे आहेत. दोघी बहिणी १९९६ पासून कोठडीत व तुरुंगात राहिल्या. त्या भिंतींआडून त्यांच्या हातून एकाही मुलास इजा झाली नाही. म्हणजे रक्षण त्या भिंतींनी केले. फाशीने त्यात भर पडली असती ती सूडाची.

तिसरी गोष्ट साधनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मनुष्यदेह हा जीवास क्वचित लाभणारा अवसर आहे. ज्ञान होणे, अनुताप उपजणे, परमेश्वराचे स्मरण घडणे हे या देहीच शक्य आहे. महापातक्यास अनुतापाची गरज सर्वांत अधिक असते, हे उघड आहे. त्याचा देह हिरावून घेणे म्हणजे ज्यास औषधाची निकड आहे त्याच्याच हातातील पात्र काढून घेणे होय. अनुताप होईलच असे नाही. पण तो कोणास होणार आणि कोणास नाही हे न्यायपत्रात लिहिता येत नाही.

येथे ससा रक्षिल्याची लीळा अनेकांना आठवेल. पारधी मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. पारध्यांनी तो मागितला, स्वामींनी दिला नाही. मग स्वामींनी त्यांना अशा रीतीने समजाविले की त्यांनी ती हिंसाच सोडली. प्रवचनांतून ही लीळा फाशीच्या विषयास सरसकट लावली जाते. परंतु ते युक्त नव्हे. ससा निरपराध आणि शरणागत होता, हत्या करणारा निरपराध नसतो. लीळा जेथे लागू नाही तेथे ती लावल्याने लीळेचा गौरव होत नाही. तिच्यातून घ्यावयाचे ते वेगळेच आहे. स्वामींनी सशास वाचविले आणि पारध्यांनाही दुखविले नाही. मारल्या जाणाऱ्याचे रक्षण करताना मारणारा हाही जीव आहे, याचे विस्मरण त्यांनी होऊ दिले नाही. मारणारा आणि पूजणारा या दोहोंविषयी समभाव ठेवण्याची जी आज्ञा साधकास आहे, तिचे प्रत्यक्ष रूप या लीळेत दिसते.

बालहत्या करणाऱ्यास नेमकी लागू पडणारी कथा हवी असेल तर ती श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात आहे. अश्वत्थाम्याने रात्री शिबिरात शिरून द्रौपदीच्या पाच निद्रिस्त पुत्रांचा वध केला. अर्जुनाने त्याचा पाठलाग करून त्यास पशूसारखा बांधून आणला. वाटेत श्रीकृष्णांनी अर्जुनास, याची गय करू नकोस, असे सांगून त्याच्या धर्माची परीक्षा पाहिली. अर्जुनाने त्यास मारले नाही, द्रौपदीपुढे आणून उभे केले. ज्या मातेची पाच मुले गेली तीच म्हणाली की, यास सोडा. भीमाचे मत वधाचे होते. तेव्हा श्रीकृष्णांनी अर्जुनापुढे दोन्ही बाजू ठेवल्या: हा ब्राह्मणकुळातला म्हणून अवध्य, आणि आततायी म्हणून वध्य, दोन्ही वचने पाळ. अर्जुनाने भाव ओळखला, अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी केसांसह छेदून घेतला आणि त्यास शिबिराबाहेर घालवून दिले.

या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि द्रौपदीच्या विनवणीत दोन निरनिराळी कारणे आहेत, इकडे लक्ष क्वचित जाते. एक कारण असे की, हा गुरुपुत्र आहे, ब्राह्मण आहे. दुसरे असे की, मी जशी रडते आहे तशी याची माता रडू नये. पहिले कारण अपराध्याच्या कुळाकडे पाहते, दुसरे त्याच्या मातेच्या अश्रूंकडे. पहिले कारण मान्य केले तर जो गुरुपुत्र नाही, ज्याचे कुळ मोठे नाही, त्यास क्षमा नाही. दुसरे मान्य केले तर ती सर्वांस आहे, कारण माता सर्वांसच असते. स्वामींनी कुळाचा व वर्णाचा अभिमान साधकाच्या अंतःकरणातून काढून टाकण्यास किती परिश्रम घेतले हे लीळाचरित्राच्या वाचकांस सांगावयास नको. यास्तव महानुभावाने द्रौपदीचे दुसरे कारण घ्यावे आणि पहिले सोडावे. कोल्हापूरच्या प्रकरणात तर हे दुसरे कारणही कसोटीस लागते, कारण तेथे अपराध्यांसाठी जी माता रडावयाची तिनेच कन्यांना या मार्गास लावले होते आणि ती आधीच मरून गेली होती. ज्यांच्यासाठी रडणारे कोणी उरलेले नाही त्यांच्याविषयी दयेचा विचार करणे हेच कठीण असते.

पहिले कारण मात्र स्मृतिकारांनी उचलले आणि त्याचा कायदा केला. इतर वर्णांस जेथे देहान्त शासन तेथे ब्राह्मणास केवळ मुंडन, असा भेद मनुस्मृतीत स्पष्ट आहे. दंड अपराधास नव्हे, जन्मास पाहून द्यावयाचा, ही रीत या देशात शास्त्राच्या नावाने चालली. चतुर्वर्गचिंतामणीसारखा प्रचंड ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो हेमाद्री यादवांच्या राज्यात श्रीकरणाधिप होता, आणि पैठणच्या सभेत स्वामींविरुद्ध निवाडा झाला तो अशाच शास्त्रज्ञांच्या बैठकीत. त्या प्रसंगाच्या पाठाविषयी मार्गात मतभेद आहेत, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे लक्षात घ्यावे की, ज्यांचा विरोध तेच सभासद आणि तेच निवाडा करणारे, असा तो न्याय होता. ज्या पंथाच्या मूळपुरुषाने अशा सभेपुढे उभे राहणे पत्करले आणि ज्या पंथाने त्याचा सूड कधी आठवणीतही जपला नाही, त्या पंथाच्या अनुयायांनी न्यायसभेच्या निकालापुढे डोळे मिटून मान तुकविणे शोभत नाही.

बलवंतास एक न्याय आणि दुर्बळास दुसरा, याचे मराठी इतिहासातील प्रसिद्ध उदाहरण नारायणराव पेशव्यांच्या वधाचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तो वध झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते पद सोडून निघून गेले, अशी परंपरागत हकीकत आहे. गारद्यांपैकी काहींना पुढे देहान्त शासन झाले. रघुनाथराव मात्र शय्येवर मरण पावले. रामशास्त्र्यांची निःस्पृहता वंदनीय आहे. पण दंड ज्याच्यापर्यंत पोचू शकला तो हुकमाचा ताबेदार होता, हुकमाचा धनी नव्हता, हेही त्याच हकीकतीत आहे.

तो काळ गेला, आज घटनेने सर्वांस समान केले आहे, असे कोणी म्हणेल. कायद्याच्या अक्षरात ते खरे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद केला. फाशी द्यावयाची तर विशेष कारणे लिहावी लागतात. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच फाशी द्यावी असे ठरविले. पाच न्यायमूर्तींपैकी एक, न्या. भगवती, यांनी मात्र वेगळे मत दिले आणि ही शिक्षा मनमानीने पडते, मुख्यतः गरिबांवर पडते, असे म्हटले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीतही देहान्त शासन कायम आहे.

हे मत किती खरे होते ते पुढे दिसून आले. उत्तर प्रदेशातील एका हत्याकांडात तिघांना सारखीच शिक्षा झाली होती, तिघांचा अपराधही सारखाच होता. तिघे वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाचा अर्ज फेटाळला जाऊन त्यास ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फाशी झाली. दुसऱ्याची शिक्षा दुसऱ्या न्यायपीठाने जन्मठेपेवर आणली. तिसऱ्याचे, हरबन्ससिंगाचे, प्रकरण १९८२ साली न्यायालयापुढे आले तेव्हा हा भेद ध्यानात आला. पण तोवर पहिला जिवंत नव्हता. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली, आणि त्यांचाच एक सोबती माफीचा साक्षीदार होऊन वाचला. कोल्हापूरच्या प्रकरणातही तेच झाले. एका वाहनातून गेलेल्यांपैकी दोघींच्या गळ्यापर्यंत दोर आला आणि एक घरी गेला. पुराव्यासाठी ही सवलत कायद्याने ठेवली आहे, तिच्यावाचून कित्येक गुन्हे शाबीतच होणार नाहीत, हे मान्य करावे. परंतु मग प्राण हे अपराधाचे मोल राहत नाही. कोण आधी बोलला यावर ते ठरते.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांची देशभर पाहणी आहे. त्यांपैकी ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते, आणि सुमारे ७६ टक्के मागास वर्गांतील किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळून इतरत्र ही शिक्षा रद्द करावी अशी शिफारस केली. ती अमलात आलेली नाही.

आकड्यांपेक्षा एक प्रकरण अधिक बोलते. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये घडलेल्या दरोडा, बलात्कार व हत्येच्या गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासातील दोषांवर कठोर ताशेरे ओढले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. त्यांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. दयेच्या अर्जाचे काम कोणा कार्यालयात थोडे जलद चालले असते तर पाच लाख रुपये घेण्यास कोण उरले असते?

भटक्या जमातींवर संशय प्रथम जावा, ही खोड इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या माणसांनी पोलिसांपुढे रोज हजेरी द्यावयाची, अशी ती रीत. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना कामाला लावून विश्वासाने जवळ केले. सर्व देशात तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. समान न्याय म्हणजे काय याचा विचार करणाऱ्यास कोल्हापुरात २००१ च्या निकालाइतकेच १९१८ च्या हुकमाचेही अध्ययन करावे लागेल.

येथे एक मोठी शंका उभी राहते आणि ती मार्गातलेच लोक घेतात. शंका अशी की, जे काही घडते ते जीवाच्या कर्माने घडते. गरीब फासावर गेला आणि श्रीमंत सुटला, तर ज्याचे त्याचे कर्म. मग न्याय विषम आहे असे म्हणण्यात अर्थ काय?

ही शंका वरून शास्त्रीय दिसते, आत मात्र आळस आहे. भोगणारा आपल्या कर्माचे फळ भोगतो हे खरे. पण त्यामुळे भोगविणाऱ्याचे कर्म पुसले जात नाही. असे नसते तर त्या बालकांनीही आपलेच कर्म भोगले असे म्हणून हत्या करणारींनाही निर्दोष ठरवावे लागेल. ते कोणीच म्हणत नाही. मग न्यायाधीश, तपास करणारा, खोटी साक्ष देणारा आणि कागद वर्षानुवर्षे दाबून ठेवणारा यांच्याविषयी तेवढे का म्हणावे? कर्माचा सिद्धान्त आपल्या वाट्याच्या दुःखाविषयी धैर्य देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाविषयी स्वस्थ बसण्यासाठी त्याचा उपयोग करणे म्हणजे सिद्धान्ताचा अपहार होय.

कोल्हापूरच्या प्रकरणाचा शेवट या दृष्टीने विचित्र आहे. फार विलंब झाला तर फाशी रद्द व्हावी, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात दृढ केला, आणि तो माणुसकीस धरून आहे; रोज मरणाची वाट पाहावयास लावणे ही स्वतंत्र पीडाच होय. परंतु दोघी वाचल्या त्या कोणास दया आली म्हणून नव्हे. राष्ट्रपतींनी दया नाकारलीच होती. त्या वाचल्या त्या कचेरीतील निष्काळजीपणामुळे. ज्यांच्या मुलांचे प्राण गेले त्यांना पंचवीस वर्षांनंतर मिळाले ते हेच उत्तर. फाशी टळली हे अहिंसाधर्मास इष्ट आहे, तरी अशा रीतीने टळली यात समाधान मानण्याजोगे काही नाही. दया विचाराने केली जाते तेव्हाच दया करणाऱ्याचे अंतःकरण शुद्ध होते. फाइल विसरल्याने कोणाचेच होत नाही.

राहिला प्रश्न वासनिकांच्या आचाराचा. एखादा उपदेशी न्यायासनावर असेल तर त्याच्यापुढे धर्मसंकट आहे असे समजण्याचे कारण नाही. कायद्यानेच जन्मठेप हा नियम ठेवला आहे, तेव्हा कायदा न मोडता तो अहिंसा पाळू शकतो. साक्षीदाराने सत्यच सांगावे. आपल्या साक्षीने कोणास फाशी होईल या भयाने सत्य लपविणे हे त्या मुलांच्या माता-पित्यांवर नवे अन्याय करणे होय. तुरुंगाच्या चाकरीत असलेल्याने ते विशिष्ट काम आपल्याकडे येऊ नये अशी वरिष्ठांस विनंती करावी.

बहुसंख्य वासनिक यांपैकी कशातच नसतात. त्यांच्या वाट्यास येते ती मानसिक हिंसा. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि दुसऱ्याने केलेले पाहून संतोष पावणे, या तिन्ही प्रकारे कर्म लागते. २० मार्च २०२० रोजी पहाटे दिल्लीच्या तिहार कारागृहात चौघांना फाशी झाली तेव्हा बाहेर लोक जमले होते, मिठाई वाटली गेली. त्या चौघांचा अपराध अतिशय घोर होता. तरी ती मिठाई जिभेवर ठेवणाऱ्याने काय खाल्ले याचा विचार उपदेश घेतलेल्याने अवश्य करावा. दिवसातून किती वेळा आपण एकमेकांस दंडवत म्हणतो! त्या शब्दात दंड आहे, पण तो आपणच जमिनीवर आडवे होण्याचा.

भिक्षेस निघालेल्या साधूपुढेही हा प्रश्न येतो. भिक्षेचा नियम असा की, घर निवडू नये. वर्ण, वैभव, प्रतिष्ठा पाहून दार टाळू नये. ज्या घरचे मूल मारले गेले ते दार टाळणे कोणाच्या मनातही येणार नाही. ज्या घरचा मनुष्य फाशीची शिक्षा होऊन येरवड्यास किंवा नागपूरला आहे, ते घर गावाने टाळलेले असते. पाणवठ्यावर त्या घरच्या बाईशी कोणी बोलत नाही, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात. साधूने त्या दारीही झोळी पसरावी, काही विचारू नये, पडेल तो घास घ्यावा आणि पुढील घरी जावे.